सीनेपलीकडची सावड

देवश्रीला ज्ञानेश्वरीचा हेवा वाटायचा, हे कर्जतजवळच्या त्या दूध डेअरीत कुणालाच ठाऊक नव्हतं. लोक त्यांना जिवाभावाच्या मैत्रिणी समजत. त्या तशा होत्याही. एका डब्यात जेवायच्या, एका स्कूटीवर यायच्या. हेवा आणि जीव एकाच पोटात राहू शकतात. त्यासाठी पोट फार मोठं असावं लागत नाही.

नगरला कॉलेजात असताना दोघी एका खोलीत राहिल्या. देवश्री कर्जतच्या सुमंत मास्तरांची मुलगी. घरात पुस्तकांची कपाटं आणि बोलताना 'न' आणि 'ण' यांची कडक शिस्त. तिनं मराठी घेऊन एम. ए. केलं. ज्ञानेश्वरी सीना नदीच्या पलीकडची, जामखेडच्या अंगाच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याची लेक. ती समाजकार्य शिकली, त्यातही विषय कामगारांचा. माणूस कळायचा असेल तर कथा-कादंबऱ्यांना पर्याय नाही, असं देवश्रीचं मत होतं. ज्ञानेश्वरी या मतावर कधी वाद घालायची नाही. ती फक्त माणसांशी बोलत बसायची.

एकदा वसतिगृहाच्या मेसची बाई लेकीच्या बाळंतपणाला गावी गेली. मेस बंद पडणार, मुली घरी जाणार, परीक्षा तोंडावर. ज्ञानेश्वरी खोल्याखोल्यांतून फिरली. प्रत्येकीला तिनं एकच विचारलं, घरी तुझी आई तुला काय करू देते? कुणाला कणीक मळता येत होती, कुणाला नुसता तांदूळ निवडता येत होता. येणारीच्या शेजारी तिनं न येणारी उभी केली. बाई परत आली तेव्हा मेस चालूच होती. पोरींच्या भाकरी गोल बघून बाईचंच तोंड उतरलं.

त्यात देवश्रीच्या वाट्याला कोथिंबीर निवडणं आलं होतं. तिनं मेसवर कविता लिहून भित्तिपत्रकात लावली. मुली कवितेपुढं थांबल्या, मन लावून वाचली आणि म्हणाल्या, ग्यानूनं किती छान सांभाळलं ना सगळं.

देवश्रीला त्या दिवशी पहिल्यांदा पोटात काहीतरी टोचलं. नंतर ते टोचणं तिच्या चांगलं ओळखीचं झालं.

डेअरीत देवश्री आधी आली. मालक आदिनाथभाऊ. एके काळी मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी कॅन बांधून वस्त्यावस्त्यांवर दूध गोळा करणारा माणूस. आता टँकर होते, शीतगृह होतं, पिशव्या भरायचं मशीन होतं. भाऊंची पत्रं, सूचना, सरकारी उत्तरं देवश्री लिहायची. तिच्या मराठीचा भाऊंना अभिमान होता. पाहुणे आले की ते तिचं एखादं पत्र मोठ्यानं वाचून दाखवत.

माणसं वाढली तशी माणसांची भांडणंही वाढली. कोण कुणाच्या जागेवर काम करणार, रजा कुणाला मिळणार, रोज एक तंटा. भाऊंनी ठरवलं, मोठ्या कंपन्यांत असतं तसं मनुष्यबळाचं खातं काढायचं. भाऊ त्याला एचआरच म्हणत. काचेची केबिन बांधायला घेतली. खुर्ची आली. खुर्चीवरचं प्लॅस्टिक निघायच्या आधीच देवश्रीनं मनातल्या मनात तिच्यावर बसून पाहिलं होतं.

जागा निघाल्याचं तिनंच ज्ञानेश्वरीला फोनवर सांगितलं. आपण जेवून उठताना दारातल्या पाहुण्याला 'बसा की जेवायला' म्हणतो ना, तसं. पाहुणा बसला.

मुलाखतीत भाऊंनी दोघींना एकच प्रश्न विचारला. माणूस कामावर का येत नाही? देवश्री बराच वेळ बोलली. माणसाचं मन, एकटेपण, कामातून उडणारा जीव. भाऊ आदरानं ऐकत राहिले. ज्ञानेश्वरी म्हणाली, "ते त्याच्या घरी जाऊन बघावं लागेल." भाऊ हसले. आणि खुर्ची सीनेपलीकडं गेली.

देवश्रीचं टेबल केबिनच्या अगदी समोर होतं. मान वर केली की काच, काचेपलीकडं मैत्रीण. दिवसातून किती वेळा मान वर करायची, हेच तिच्या हातात होतं. तेही राहत नव्हतं.

ज्ञानेश्वरी केबिनमध्ये कमीच असायची. कुणाच्या बापाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, कुणाच्या घरी दहावा, तिथं ती असायची. परत यायची ती कपड्यांना शेणाचा, नाहीतर चुलीच्या धुराचा वास घेऊन. मग एक दिवस तिनं सावड काढली.

शेतात सावड असते. आज माझी बैलं तुझ्या रानात, उद्या तुझी माझ्या रानात. पैशाचा व्यवहार नाही, पण घेतलेला दिवस फेडायचाच. ज्ञानेश्वरीच्या घरी पेरण्या अशाच व्हायच्या. तिनं तेच डेअरीत आणलं. आठवड्यातला अर्धा दिवस प्रत्येकानं दुसऱ्याच्या जागी राबायचं, आणि त्या दुसऱ्याला आपलं काम शिकवायचं. गाड्या भरून देणारी पूजा पिशव्यांच्या मशीनवर. मशीनवाला करण गाड्यांवर. डॉकवर, म्हणजे दूध उतरवायच्या ओट्यावर कॅन घेणारी लंकाबाई प्रयोगशाळेत, आणि प्रयोगशाळेतली सृष्टी गमबूट घालून डॉकवर.

सगळ्यांनी नाकं मुरडली. करण तर भर जेवणाच्या सुट्टीत म्हणाला, आमी काय बैलं हाय का?

"बैलं असता तर एवढं बोलला नसता," ज्ञानेश्वरी म्हणाली. लोक हसले. करणही हसला. पुढच्या आठवड्यात तो गाड्यांवर गेला.

देवश्रीला मात्र हसू आलं नाही. सावड हा शब्द तिला एम. ए.च्या पहिल्या वर्षापासून माहीत होता. ग्रामीण कथेच्या पेपरात तिनं त्यावर टिपण लिहिलं होतं, गुणही चांगले पडले होते. इतकी वर्षं शब्द तिच्या खिशात होता. खर्च केला तो ज्ञानेश्वरीनं.

पुढं जोड्या बदलल्या, आणि देवश्रीची सावड पडली लंकाबाईशी. डॉकवर. गमबूट, कॅन, ओली फरशी. ती गेलीच नाही. एका आठवड्यात पत्राचं निमित्त, दुसऱ्यात डोकेदुखी. लंकाबाईनं मात्र आपला दिवस चोख दिला. लुगडं सावरून ती देवश्रीच्या खुर्चीत बसली आणि आलेले सगळे फोन तिनं उचलले. उशिरा येणाऱ्या टँकरवाल्यांची तिनं अशी हजेरी घेतली, की दोघंतिघं त्या दिवसापासून वेळेवर यायला लागले.

जाताना ती म्हणाली, "माजी सावड तुज्यावर हाय बरं का, मास्तरांच्या पोरी. फेडायची राहिलीय."

देवश्री गोड हसली आणि पत्रात डोकं घातलं.

मग नदीचं प्रकरण झालं. ज्ञानेश्वरीच्या लक्षात आलं, की प्रयोगशाळेतली माणसं सगळी पलीकडची, मशीनवरची बहुतेक पलीकडची, गाड्यांवरची सगळी अलीकडची. माणूस आपल्या गावचं माणूस कामाला आणतो, त्याचा हा परिणाम. सीनेला पूर आला तर अख्खं खातं एका काठाला अडकेल, म्हणून तिनं पाळ्या मोडल्या. प्रत्येक खात्यात नदीच्या दोन्ही बाजूंची माणसं हवीत, आणि नसतील तिथं सावडीनं शिकलेली तरी हवीत. लोकांना वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. सीना म्हणजे वर्षातले आठ महिने वाळू आणि वेड्या बाभळी. टँकरवाला पुंजाराम म्हणाला, सीनेला पूर? आदी पानी तर यिऊ द्या.

हा विनोद देवश्रीनं घरी सांगितला. मास्तरही हसले. त्या रात्री तिला जेवण गोड लागलं.

भाऊंनाही शंका यायला लागली होती. मशीनवाला गाड्यांवर, गाड्यांवाली मशीनवर, म्हणजे अर्धा दिवस दोन्हीकडं काम ढिलं. त्यांनी एकदा देवश्रीला बोलावून घेतलं. म्हणाले, हे खातं मला महागात पडतंय का काय ते कळंना. दिवाळीपर्यंत बघू. न्हाई जमलं तर तुमीच दोन्ही बघा, तुमाला जमंल. तुमचं मत मला लागंल तवा सांगा.

देवश्री बाहेर आली. तिनं ज्ञानेश्वरीला काही सांगितलं नाही. फक्त त्या दिवसापासून काचेकडं बघताना तिला केबिनमध्ये स्वतःची मांडामांड दिसायला लागली. टेबल खिडकीकडं. कोपऱ्यात पुस्तकांचं कपाट. भिंतीवरचा तो जिल्ह्याचा दूध संकलनाचा चार्ट काढून टाकायचा.

नवरात्र आलं. ज्ञानेश्वरी घट बसवायला गावी गेली, दोन दिवसांची रजा टाकून. आणि जे कधी होत नाही ते झालं. वर नगरकडं ढगच फाटले. जामखेडच्या बाजूला ओढे रस्त्यावर आले. सकाळी लोक उठून बघतात तर सीनेनं पूल पोटात घेतलेला.

भाऊ कामासाठी पुण्याला गेलेले. तिकडून त्यांचा फोन आला. आवाज घाबरलेला होता. दूध थांबत नाही. गाय काही पूर बघून पान्हा चोरत नाही. अलीकडच्या वस्त्यांवरून दूध येणारच होतं आणि निम्मी माणसं पलीकडं अडकलेली.

"ज्ञानेश्वरी तिकडंच हाय ना?" भाऊंनी विचारलं. "मग ताई, तुमी बसा त्या खुर्चीत. आजचा दिवस निभवा."

देवश्री केबिनमध्ये गेली. खुर्ची तिला वाटली होती त्यापेक्षा बुटकी होती. तिनं संगणक उघडला. हजेरी समोर आली. ज्ञानेश्वरीची रजा आदल्या दिवशी संपलेली. तिच्या नावापुढं देवश्रीनं 'गैरहजर' भरलं. त्या खुर्चीत बसून तिनं केलेलं हे पहिलं काम. इतकं सोपं काम तिनं आयुष्यात केलं नव्हतं.

मग ती उठली. आता सगळ्यांना गोळा करायचं, धीर द्यायचा, कामं वाटून द्यायची. बोलायचं काय, हे तिनं मनात जुळवून ठेवलं होतं. दोन वाक्यं तर फार चांगली होती.

ती मशीनपाशी गेली. मशीन चालू होतं. करणच्या जागी पूजा उभी होती, ओढणी कमरेला खोचून, प्लॅस्टिकचं रीळ बदलत. देवश्रीनं विचारलं, कुणी सांगितलं तुला? पूजानं मान वर न करता सांगितलं, करण नाही ना आज. एवढंच. मग म्हणाली, मॅडम, जरा बाजूला व्हा, तुमच्या साडीवर उडंल.

प्रयोगशाळेत लंकाबाई होती. नऊवारीवर पांढरा एप्रन. काचेच्या नळीत थोडं दूध उकळून उजेडाकडं धरून बघत होती, फुटतंय का. सृष्टी तिला फोनवरून काहीतरी सांगत होती आणि लंकाबाई तिला उलट सांगत होती की मला ठावं हाय, तू तुज्या घरात पानी शिरतंय का बग. डॉकवर कॅन्टीनचा माणूस कॅन उतरवत होता. गाड्यांवर वॉचमन. गाड्यांचा रस्ता बदलायचं पुंजारामनं आपल्या आपण ठरवून टाकलं होतं.

देवश्री सगळीकडं फिरली. कुणी तिला काही विचारलं नाही. कुणी वाईटही बोललं नाही. चहा घेता का, एवढं दोघांनी विचारलं. ती दोन चांगली वाक्यं तशीच घेऊन ती केबिनमध्ये परत आली.

पलीकडं काचेतून तिला तिचंच टेबल दिसत होतं. रिकामं. ती त्याच्याकडं बघत बसली. बाई नदीपलीकडं अडकून पडली होती, तिचा फोन लागत नव्हता, आणि तरीही डेअरी तीच चालवत होती. समोर असलेल्या माणसाचा हेवा करता येतो. नसलेल्या माणसाचा इतका हेवा वाटू शकतो, हे देवश्रीनं कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. करण. पलीकडून ओरडून बोलत होता, मागं पाण्याचा आवाज.

"मॅडम, हजेरीचं काय? आमी समदी हितं पुलावर हाय. हजर धरनार का न्हाई?"

प्रश्न साधा नव्हता. दिवाळीचा बोनस हजेरीवर होता. या गोष्टीचा नियम ज्ञानेश्वरीनंही केलेला नव्हता. पुरासाठी माणसं वाटताना लोक एवढे हसले होते, की पुढचं तिनं काढलंच नसावं. डेअरीत कुणाला विचारलं जाईल, असा हा एकच प्रश्न त्या दिवशी उरला होता. आणि तो देवश्रीकडं आला होता.

समोर पडद्यावर ज्ञानेश्वरीचं नाव होतं, पुढं 'गैरहजर'. करणला हजर धरायचं तर हिलाही धरावं लागेल.

"नियम सगळ्यांना सारखा," देवश्री म्हणाली. "जो आला नाही तो गैरहजर."

 बरं मॅडम, म्हणाला करण, आणि फोन ठेवला. देवश्रीला क्षणभर बरं वाटलं. आपला आवाज किती शांत लागला, याचं.

दुपारी पुंजाराम आत आला. भिजलेला. तो अलीकडच्या काठावर पाणी उतरतंय का बघायला गेला होता. खुर्चीत देवश्री दिसली तसा तो दारातच थांबला. टोपी काढून पिळली आणि मग भिंतीवरच्या चार्टाकडं बघत बोलायला लागला. पलीकडून एक ट्रॅक्टर पाण्यात घालायला निघाला होता म्हणे. ट्रॉलीत आपलीच पोरं. स्टिअरिंगवर करण. पुढची चाकं पाण्यात गेली आणि एक बाई पळत येऊन ट्रॅक्टरच्या पुढं उभी राहिली. मांडीपर्यंत पाण्यात. अलीकडून तोंड काही दिसत नव्हतं, पण पुंजारामला उभं राहायची ढब ओळखू आली.

"आमी हिकडनं वरडतोय, पर पान्याच्या आवाजात काय जातंय? हललीच न्हाई बाई. शेवटाला करणनं मागं घेतला." त्यानं तोंडावरचं पाणी पुसलं. "म्या त्याला फोन केला. म्हनलं, याड लागलं का रं तुला? तर म्हनं, न्हाई आलो तर गैरहजर धरनार हाईत. कोन म्हनलं, ते काय सांगितलं न्हाई त्यानं."

त्यानं टोपी डोक्यावर घातली आणि गेला. कोण म्हणालं, हे त्यालाही माहीत होतं आणि तिलाही.

देवश्री बसून राहिली. ट्रॉलीत कोण कोण असेल, ते तिला ओळीनं दिसायला लागलं. सृष्टीचा भाऊ. तो नवीन लागलेला ओम, ज्याची सुपारी गेल्या महिन्यात फुटली होती. पुलाचे कठडे कुठं संपतात ते पाण्याखाली कुणाला कळलं असतं?

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा ज्ञानेश्वरीचा फोन लागला. तिनंच केला होता. देवश्रीनं डोळे मिटून कानाला लावला. आता ती बोलेल. बोलावंच. एकदा जोरात बोलली असती, तर देवश्रीलाही बरोबरीनं भांडता आलं असतं.

"देवू, जेवलीस का गं?" ज्ञानेश्वरी म्हणाली.

"नाही."

"जेवून घे आधी. आणि पोरांना हजर मांड. मी भाऊंशी बोललेय, ते हो म्हणाले. इथं सगळ्यांच्या घरी तू फोन कर. तुझ्याकडून गेला तर त्यांना खरं वाटंल. सकाळी तूच सांगितलंस ना त्यांना."

त्या शेवटच्या वाक्यात टोचणी होती की नाही, हे देवश्री अजूनही सांगू शकत नाही. तिनं पुष्कळदा ते वाक्य मनात फिरवून पाहिलं. धार सापडली नाही.

"तुझ्या नावापुढं मी गैरहजर भरलंय," देवश्री म्हणाली.

 ज्ञानेश्वरी हसली. तिचं ते हसू, नाकातून येणारं.

"भर की. माझी तर रजाच संपली होती. मी कुठं आले?"

देवश्रीनं फोन करायला घेतले. घरोघर. कुणाची आई, कुणाची बायको. ती सांगत गेली, घरीच थांबवा, हजेरी लागलीय, पाणी उतरेपर्यंत निघू नका. आणि प्रत्येक घरातून तोच प्रश्न आला. ग्यानूताईनं सांगितलंय का? प्रत्येक वेळी देवश्रीला तो 'हो' गिळून मग उच्चारावा लागला. करणच्या आईनं तर तिला आशीर्वादच दिला, ग्यानूताईला सांगा म्हणून.

दिवस मावळता मावळता गाड्या निघाल्या. नेहमीपेक्षा कमी, पण निघाल्या. पूजाच्या हातांना प्लॅस्टिकचे चटके बसलेले. लंकाबाईनं एप्रन घडी घालून खुंटीला लावला, सृष्टी लावते तसा.

पाणी उतरलं. पूल मोकळा झाला. ज्ञानेश्वरी आली ती करणच्या त्याच ट्रॅक्टरवर बसून. ती केबिनमध्ये गेलीच नाही. आधी पूजाचे हात पाहिले, मग प्रयोगशाळेत लंकाबाईपाशी जाऊन बसली. देवश्री आपल्या टेबलावर परत गेली होती. केबिनमधला चार्ट जागेवरच होता.

दसरा झाला आणि भाऊंनी देवश्रीला बोलावलं. ते खुशीत होते. पुण्याच्या कुण्या व्यापाऱ्यानं त्यांना विचारलं होतं, एवढ्या पुरात तुमचं दूध आलं कसं?

भाऊंनी तिला बसायला सांगितलं. म्हणाले, मी विचार केला. पुराच्या दिवशी मी न्हवतो. ज्ञानेश्वरीबी न्हवती. तरी दूध गेलं. माणसं आपल्या आपण कामाला लागली. तुमी एकट्या खुर्चीत होता.

"मंग मला सांगा ताई," भाऊ पुढं झुकले, "ती नसताना एवढं चाललं, तर हे खातं पोसायचं कशाला? तुमीच बघा की दोन्ही. बोला, काय म्हनता?"

वाक्य आलं. देवश्री ज्याची वाट बघत होती ते, जसंच्या तसं. तिला फक्त मान हलवायची होती. मान हलवली असती तर खोटंही ठरलं नसतं. ती नव्हती, हे खरं. चाललं, हेही खरं. खिडकीकडं टेबल. कोपऱ्यात कपाट.

काचेतून तिला ज्ञानेश्वरी दिसत होती. कुणाशी तरी फोनवर बोलत होती, बहुतेक कुणाच्या म्हशीबद्दल. किती साधी दिसत होती. ओठावर दुधाच्या चहाची रेघ. या बाईजवळ असं काय आहे, हा प्रश्न देवश्रीनं कॉलेजपासून स्वतःला विचारला होता. उत्तर मिळालं असतं तर हेवा तरी संपला असता.

"भाऊ," ती म्हणाली, "त्या दिवशी दूध गेलं ते तिनं वर्षभर जे लावून ठेवलं होतं त्यावर. मी त्यात एकच गोष्ट केली. करणला सांगितलं, आला नाहीस तर गैरहजर."

भाऊंना कळायला वेळ लागला. ट्रॅक्टरची गोष्ट त्यांच्या कानावर आली होती, पण ती पोरांचा आगाऊपणा म्हणून. त्यांचा चेहरा बदलत गेला. देवश्रीनं तो शेवटपर्यंत पाहिला.

"तिनं सांगितलं न्हाई मला," भाऊ म्हणाले.

"ती सांगणार नाही."

हे बोलताना देवश्रीला जे वाटलं ते चांगुलपण नव्हतं. आपण खरं बोललो, याचं श्रेयही शेवटी तिच्याकडंच जाणार, हे तिला दिसत होतं. तरी ते वाक्य मागं घेता आलं नाही.  भाऊ म्हणाले, बरं, जा तुमी. त्या बोलण्यात राग होता, पण खातं मोडायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. खुर्ची आहे तिथंच राहिली. पाहुण्यांना देवश्रीची पत्रं वाचून दाखवणं मात्र भाऊंनी काही दिवस बंद केलं.

भाऊंशी काय बोलणं झालं, ते ज्ञानेश्वरीला कळलं असणार. डेअरीत बातमी दुधासारखीच उतू जाते. तिनं विषय काढला नाही. पुढच्या सावडीला ती देवश्रीच्या टेबलाशी येऊन बसली. आज मी तुझं काम करते म्हणाली. एक सूचना लिहायचीय, तू शिकव.

देवश्री मागं उभी राहिली. ज्ञानेश्वरीनं जीभ दातांत धरून लिहिलं. पूर आला, रस्ता तुटला, तर कामगाराने घरीच थांबावे. हजेरी लागेल. नदी ओलांडू नये. घरी फोन येईल. बस.

देवश्रीनं ती पुन्हा वाचली. सुधारायला काहीतरी हवं होतं. ती शोधत राहिली. शेवटी म्हणाली, तुझं अक्षर फार वाईट आहे, लोकांना कळणार नाही. तिनं नवा कागद घेतला आणि अख्खी सूचना आपल्या वळणदार अक्षरात उतरवून काढली. खाली सही ज्ञानेश्वरीनं केली. देवश्रीनं ती जेवणाच्या खोलीबाहेरच्या फळ्यावर लावली. चारही कोपऱ्यांना टाचणी.

लंकाबाई हात पुसत आली. फळ्यापुढं थांबली. अक्षरं जुळवत जुळवत तिनं सगळं वाचलं, सहीपर्यंत.

"ग्यानूनं लिवलं व्हय?" ती म्हणाली. "बेस लिवलंय."

देवश्री गमबूट चढवायला खाली वाकली होती. ते मोठे होते, पायात घोळत होते.

"हो," ती म्हणाली. "चला मावशी. कॅन आले."